तुळसाबाईंचा अभ्यासक्रम

पोस्टकार्ड आलं त्या दिवशी मी टाचणं तपासत बसले होते. दुसऱ्या वर्षाच्या मुलींचे सरावपाठ सुरू होते, आणि पाठ घेण्याआधी त्याच्या टाचणावर माझी सही लागते. शिपायानं कार्ड टेबलावर ठेवलं. वरचा कोपरा फाडलेला होता, त्यामुळे वाचण्याआधीच कोणीतरी गेलं एवढं कळलं. अक्षर अनोळखी होतं, वाकडंतिकडं. ‘हेडमास्तरीणबाई, ट्रेनिंग शाळा, गोंदिया यांसी. कळविण्यास दुःख वाटते की आपल्या शाळेतील जुनी स्वयंपाकीण तुळसाबाई ही सौंदड मुक्कामी तापाने मयत झाली. पंधरा दिवस झाले. कळावे. लखाराम, पुतण्या.’

मी ते दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना ‘स्वयंपाकीण’ या शब्दापाशी अडले... तुळसाबाई आमच्याकडे स्वयंपाकीण कधीच नव्हत्या. ज्या शाळेतून आज आसपासच्या कितीतरी गावांतल्या मुलींच्या शाळांवर बाया शिकवायला गेल्या आहेत, ती शाळा तुळसाबाईंनी उभी केली. तिचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम पहिल्या तासापासून शेवटच्या पाठापर्यंत त्यांनी आखला. मलाही त्यांनीच शिकवलं. पण लखारामानं काही मनचं लिहिलं नव्हतं. शिक्षण खात्याकडे गेलेल्या नोकरवर्गाच्या यादीत तुळसाबाईंच्या नावापुढे हाच शब्द आहे, आणि यादीखालची सही माझी आहे.

या गोष्टीला आता काही आठवडे झाले. रविवारच्या पुरवणीत मोठ्या माणसांवर लेख येतात तसा हा लेख नाही. तुळसाबाईंचा फोटो कोणाकडे नाही. त्यांच्या नावाचा एकही कागद खात्याच्या कपाटात सापडणार नाही, त्या एका यादीखेरीज. म्हणून लिहायला बसले आहे.

मला नवऱ्यानं टाकलं तेव्हा मी सतरा वर्षांची होते. मुर्रीला भावाच्या घरी राहून बिड्या वळत होते. एके दिवशी दुपारी एक उंच, सावळ्या बाई ओसरीवर येऊन बसल्या. पांढरं लुगडं, पायांत वहाण नाही, आणि काखेत कापडात गुंडाळलेलं पुस्तक. भावजयीनं पाणी दिलं. ते पिऊन त्या माझ्याकडे वळल्या.

“किती शिकली?”

“चौथी.”

“मग बिड्या कायले वळून राहिली?”

“दुसरं काय करू?”

त्यांनी माझ्या सुपातली एक बिडी उचलून दोन्ही बाजूंनी पाहिली. “हात साफ आहे तुहा. एकीसारखी दुसरी वळते. मास्तरणीले हेच लागते. उद्या गोंद्याले ये.” भाऊ आडवा आला, म्हणाला लोक काय म्हणतील. तुळसाबाईंनी त्याला विचारलं, “आता काय म्हणून राहिले लोक?” दुसऱ्या दिवशी मी गेले.

तुळसाबाई कामठ्याच्या. वडील गावातल्या शाळेवर मास्तर होते. मुलीला त्यांनी घरी शिकवलं. वर्गात बसवलं नाही, कारण तेव्हा मुलांच्या शाळेत मुलगी बसवायची रीत नव्हती. मराठी, हिशेब, नकाशे, सगळं त्यांनी तिला दिलं, पण परीक्षेला बसवलं नाही. पुढे लग्न, आणि पाच वर्षांत वैधव्य. मग गोंदियातल्या मुलींच्या शाळेवर त्या बिनसनदी शिक्षिका म्हणून लागल्या आणि पंधरा वर्षं त्यांनी तिथे शिकवलं. त्यांच्या डोळ्यांदेखत गावोगाव मुलींच्या शाळा उघडल्या आणि शिकवायला बाई नाही म्हणून बंद पडल्या. पुरुष मास्तरांकडे लोक मुली पाठवत नव्हते. तुळसाबाईंनी मिलवाल्यांच्या, वकिलांच्या घरांचे उंबरठे झिजवले. एक कमिटी झाली, आणि धानाच्या गोदामामागच्या दोन खोल्यांत बायांचा ट्रेनिंगचा वर्ग सुरू झाला. भिंतीपलीकडे धान भरडायची मिल चाले. दुपारपर्यंत पाट्यांवर कोंड्याचा थर बसे आणि पदरानं पुसून लिहावं लागे. आम्ही अकराजणी होतो. बहुतेक विधवा, दोन-तीन माझ्यासारख्या.

अभ्यासक्रम आखणं म्हणजे काय हे मी तिथे पाहिलं. कमिटीला खात्याची मान्यता हवी होती, कारण मान्यतेशिवाय आमच्या दाखल्याला कोणी विचारणार नव्हतं. खात्याची नियमावली इंग्रजीत. कमिटीचे सेक्रेटरी एक वकील होते. ते ती वाचून हिंदीत सांगत आणि तुळसाबाई लिहून घेत. घरी येऊन त्या मोठा कागद उभा दुमडत. घडीच्या डावीकडे खातं काय मागतं ते, उजवीकडे आपल्या गावच्या शाळेत काय लागतं ते. डावीकडे ‘भूगोल: देशातील नद्या’ असं असे, उजवीकडे त्या लिहीत, ‘गावची बोडी कुठल्या पाण्यानं भरते ते आधी.’ बोडी म्हणजे आमच्याकडचं लहान तळं. डावीकडे ‘वर्गव्यवस्था’ एवढाच शब्द. उजवीकडे पानभर मजकूर. एका खोलीत चार इयत्ता एकटीनं कशा सांभाळायच्या. कडेवर भावंड घेऊन आलेल्या मुलीला कुठे बसवायचं. धानाची रोपं लावायच्या, रोवण्याच्या दिवसांत सगळी शाळा बांधीत चिखलात असते, तेव्हा मागे उरलेल्या तिघींना काय शिकवायचं. आणि एक लांबलचक यादी शब्दांची. पुस्तकात एक शब्द, झाडीपट्टीत दुसरा, पोवारांच्या घरात तिसरा, गोंडांच्या टोल्यावर, म्हणजे पाड्यावर, चौथा.

मी एकदा म्हटलं, “बाई, खात्याला हे काही नको आहे. उगीच जास्तीचं कशाला?”

“खातं खोटं मागून नाही राहिलं, गंगे. त्यानं आपलं गाव पाहिलं नाही, एवढंच.” मग पेन्सिलीनं त्यांनी उजवीकडचा सगळा मजकूर डावीकडच्या मथळ्यांखाली बसवायला घेतला. आरोग्याच्या तासात हे, शिवणाच्या तासात ते. खात्याचा एकही तास कमी झाला नाही आणि गावाचंही काही राहिलं नाही. या कामाला त्यांना पूर्ण एक उन्हाळा लागला. नवं कोणी आलं की तो कागद दाखवून त्या विचारत, “यात काय राहिलं?” आमच्यासारख्या चौथी शिकलेल्यांनाही विचारत, आणि आम्ही सांगितलेलं खरोखर लिहून घेत.

मान्यतेचा अर्ज जायच्या वेळी वकीलसाहेब एक दिवस वर्गात आले. खुर्चीत बसून बराच वेळ टोपी हातात फिरवत राहिले.

“बाईजी, एक अडचण आहे. हेड सनदवाली पाहिजे. दूसरा रास्ता नाही.”

“मग मी बसते ना परीक्षेले.”

“उमर का भी नियम है. तुमची उमर निघून गेली.”

मी तुळसाबाईंकडे पाहिलं. त्या पाटीवरचं पुसत होत्या. पुसून झाल्यावर म्हणाल्या, “गंगूले पाठवा मग नागपूरले. सगळ्यांत लहान तेच आहे.”

असा निर्णय झाला. मला सनदेसाठी दोन वर्षं नागपूरच्या नॉर्मल स्कूलमध्ये ठेवलं. तिथे जे शिकवलं त्यातलं अर्धं मला येतच होतं. गोदामामागच्या खोलीत ते मी आधीच शिकले होते. सनद घेऊन परत आले तेव्हा मी पंचविशीच्या आतच होते. वर्गात शिरले तर टेबलामागची खुर्ची रिकामी होती आणि तुळसाबाई मुलींबरोबर खाली सतरंजीवर बसल्या होत्या. मी म्हटलं, “बाई, हे काय? उठा.” त्या म्हणाल्या, “सही तुही, खुर्ची तुही. बस.” मुली बघत होत्या. मी बसले.

त्यानंतर यादीची गोष्ट. खात्याच्या नियमानं आम्हांला दोन शिक्षिका ठेवता येत होत्या आणि दोघींनाही सनद हवी होती. दुसरी बाई जबलपूरकडून आणली. तुळसाबाईंना कुठल्या जागेवर दाखवायचं? वकीलसाहेबांनी यादी वरपासून खालपर्यंत वाचली. ‘वसतिगृह’ या मथळ्याखाली एक जागा मोकळी होती, स्वयंपाकिणीची. मुली पाळीपाळीनं स्वयंपाक करत, त्यामुळे त्या जागेवर कोणी नव्हतं. ते ओशाळून म्हणाले, “सिर्फ कागज पर.” तुळसाबाई हसल्या. “लिहा. सैपाक तर येतेच मले.” वकीलसाहेबांचं मराठी अक्षर वाईट म्हणून यादी मी लिहिली. तो शब्द माझ्या हातचा आहे.

पहिल्या तपासणीला इन्स्पेक्ट्रेसबाई आल्या तेव्हा तुळसाबाई दिवसभर चुलीपाशी होत्या. पाठ चांगले झाले. बाईंनी अभ्यासक्रमाचे कागद चाळले आणि मला म्हणाल्या, “हे तुम्ही फार विचारानं केलं आहे.” मी मान खाली घातली. त्यांना तो विनय वाटला असेल. तात्पुरती मान्यता मिळाली, दोन वर्षांची. बाई टांग्यात बसून गेल्या तशी मी स्वयंपाकघरात धावले. धुरानं तुळसाबाईंचे डोळे लाल झाले होते. त्यांनी मला पाटावर बसवलं आणि म्हणाल्या, “कोणत्या पाठाले काय म्हणाल्या ते शब्द न् शब्द सांग.” मी सांगत गेले आणि त्या कोळशानं जमिनीवर खुणा करत गेल्या. कुठे कमी पडलं, कुठे वेळ पुरला नाही... फक्त एक वाक्य मी सांगितलं नाही. माझी स्तुती केलेलं.

त्या दोन वर्षांत मला हेडमास्तरीणपणाची सवय झाली. रस्त्यानं जाताना लोक नमस्कार करत. माझ्या भावानं मुर्रीला माझ्यासाठी नवी खाट करून घेतली. एकदा कमिटीच्या सभेत एका मिलमालकानं भाषणात ‘गंगाबाईंचा अभ्यासक्रम’ असं दोनदा म्हटलं. तुळसाबाई मागे बायांच्या रांगेत बसल्या होत्या. मी उठून सांगू शकले असते. उठायला काय लागतं? सभा संपल्यावर सांगू, असं मनाशी म्हटलं. सभा संपल्यावर चहा झाला, लोक पांगले. तुळसाबाईंनी तो विषय कधी काढला नाही, आणि त्यांनी काढला नाही म्हणून मीही काढला नाही.

मग कायमच्या मान्यतेची तपासणी आली. इन्स्पेक्ट्रेसबाई त्याच. त्या वाईट नव्हत्या, हे मला इथे स्पष्ट लिहायचं आहे. शिस्तीच्या होत्या, पुण्याकडचं स्वच्छ मराठी बोलत, आणि मुलींशी चढ्या आवाजात बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नाही. सकाळी पार्वतीचा पाठ होता. पार्वती दुसऱ्या वर्षाची, माझ्यासारखीच टाकलेली, आणि त्या वर्गातली सगळ्यांत हुशार. विषय आरोग्य, घराची स्वच्छता. समोर सरावाच्या शाळेतल्या दुसरीच्या मुली. पार्वतीनं चित्र टांगलं. चित्रात एक बाई अंगण झाडत होती. सगळं ठीक चाललं होतं. तेवढ्यात इन्स्पेक्ट्रेसबाईंनी पहिल्या रांगेतल्या एका मुलीकडे बोट करून सांगितलं, “हिला विचारा. बाईच्या हातात काय आहे?”

ती बुधनी होती. छत्तीसगडातून मिलमध्ये कामाला आलेल्या मजुराची मुलगी, शाळेत येऊन तिला तीन महिने झाले नव्हते. पार्वतीनं विचारलं. बुधनी गप्प. पार्वतीनं पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा तिचाच आवाज कापायला लागला. “केरसुणी. म्हण, केरसुणी.” बुधनीच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिनं फ्रॉक चावायला सुरुवात केली. “मुलगी मंद आहे का?” इन्स्पेक्ट्रेसबाईंनी मला हळू विचारलं आणि वहीत काहीतरी लिहिलं. पार्वतीनं माझ्याकडे पाहिलं. त्या वेळी पुढे होणं माझं काम होतं. हेडनं सरावपाठात अडलेल्या मुलीला सावरायचं असतं, आमच्याच अभ्यासक्रमात तसं लिहिलं होतं. मी जागची हलले नाही. माझं सगळं लक्ष त्या वहीकडे होतं.

स्वयंपाकघराचं दार वर्गातच उघडत असे. तुळसाबाई तांदूळ धूत होत्या. ओल्या हातांनीच आल्या, बुधनीच्या शेजारी जमिनीवर बसल्या, आणि चित्राकडे बघतच म्हणाल्या, “सकाळी उठून तुही माय कशानं घर झाडते, बुधनी?”

“बहरी.”

“कुठं ठेवते?”

“कपाट के पाछू.” म्हणजे दारामागे.

“पायानं लाथाडू देते?”

बुधनीनं जोरात नाही म्हणून मान हलवली.

“याच बहरीले पुस्तकात केरसुणी म्हणतात. झाडीतले लोक अजून दुसरंच म्हणतात. किती नावं झाली?”

बुधनीनं बोटं वर केली. आणि मग ती एकटी नाही, सगळ्या मुली बोलायला लागल्या. आमच्याकडे हे म्हणतात, आमच्या मामाच्या गावाला ते. पार्वती सावरली. तिनं पाठ उचलला आणि शेवटपर्यंत नेला. तुळसाबाई उठल्या, ओलं लुगडं सावरत आत गेल्या. सगळं मिळून फार वेळ झाला नसेल.

इन्स्पेक्ट्रेसबाईंचा चेहरा खुलला होता. पाठ संपल्यावर त्यांनी कौतुकानंच विचारलं, “या कोण?”

मी म्हटलं, “स्वयंपाकीण.”

“स्वयंपाकीण? आणि हे त्या कुठे शिकल्या?”

पार्वती अजून त्या पाठाच्या आनंदात होती, तिच्या तोंडून निघून गेलं, “आमाले त्याच तर शिकवतात जी. सारं त्यांनीच बसवलं आहे.”

इन्स्पेक्ट्रेसबाईंनी माझ्याकडे पाहिलं, कागदांकडे पाहिलं, आणि चष्मा काढून पुसला. जाताना व्हरांड्यात त्या मला म्हणाल्या, “मला हे वाईट वाटतं. पण मला लिहावं लागेल. उद्या प्रत्येक गावात बिनसनदी बाई सनदवालीच्या नावानं शिकवू लागली तर मी काय उत्तर देऊ?” त्यांचं म्हणणं चूक होतं असं मला आजही म्हणता येत नाही.

महिन्याभरात कागद आला. मान्यता कायम करण्यात येईल, मात्र संबंधित स्त्रीस शाळा व वसतिगृह दोन्हींतून दूर केल्याचं पत्र हेडमास्तरिणीच्या सहीनं आलं पाहिजे. न आल्यास तात्पुरती मान्यताही रद्द. वकीलसाहेबांनी तो कागद माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाले, “आप देख लो.” वसतिगृहात तेव्हा अठरा मुली होत्या. मान्यता गेली असती तर त्यांची दोन वर्षं पाण्यात होती, आणि आधीच्या मुलींच्या दाखल्यांवरही प्रश्न आला असता. इतकी वर्षं मी हेच सांगत आले आहे, लोकांना आणि स्वतःलाही. पण ते पत्र लिहायला घेतलं तेव्हा डोळ्यांपुढे त्या अठराजणी नव्हत्या. मुर्रीची ओसरी होती आणि बिड्यांचं सूप होतं... मी राजीनामा देऊ शकले असते. तेही त्यांच्या शेजारी उभं राहणं झालं असतं.

रविवारी दुपारी मुली बोडीवर कपडे धुवायला गेल्या होत्या. मी टेबलाशी बसून तीन मसुदे फाडले. तुळसाबाई आल्या आणि पहिल्यांदाच, मी परत आल्यापासून पहिल्यांदाच, टेबलासमोरच्या बाकावर बसल्या.

“किती लिहिलं?”

मी कागद त्यांच्याकडे सरकवला. त्यांनी वाचला.

“‘काढून टाकले आहे’ नको लिहू. ‘सेवेतून कमी करण्यात आले आहे’ असं लिही. कचेरीत तसं चालते.”

मी खोडून लिहिलं.

“‘सदरहू स्त्री’च्या पुढं नाव टाक. नाव नसलं तर परत विचारतील, आणि अजून महिना जाईल.”

मी नाव टाकलं.

“‘यापुढे’ सुटलं. यापुढे तिचा अध्यापनाशी संबंध राहणार नाही. हं. आता सही कर.”

मला सही होईना. त्यांनी बाकावरून हात लांब करून दौत माझ्या जवळ सरकवली. “रडून नको राहू, शाई पसरते.” आवाज नेहमीचा होता, पाठाच्या वेळचा. सही झाल्यावर त्यांनी कागद उचलून फुंकर घालून वाळवला, पुन्हा एकदा वाचला, आणि म्हणाल्या, “आता बरोबर झालं.”

दोन दिवसांनी त्या सौंदडला गेल्या, दिराच्या मुलाकडे. दुसरं कोणी त्यांना नव्हतं. छोट्या लाईनच्या गाडीत एक ट्रंक आणि एक गाठोडं. मुलींना येऊ दिलं नाही. गाडी हलायच्या आधी मी विचारलं, “तिकडे शाळा आहे ना बाई? तिथे...” त्या म्हणाल्या, “तू लिहून दिलं ना, यापुढे नाही म्हणून.” त्यात टोमणा होता की नाही, मी अजून ठरवू शकलेले नाही. त्यांना टोमणे मारताना मी कधी ऐकलं नव्हतं.

पार्वती परीक्षेला बसली नाही. आपल्या तोंडामुळे बाई गेल्या, असं तिच्या मनानं घेतलं. मी समजावलं, पण ज्या तोंडानं मी समजावत होते त्यावर तिचा विश्वास उरला नव्हता. ती गावी परत गेली. मागे कोणीतरी सांगितलं, तिचं लग्न पुन्हा लावलं; पुढचं ठाऊक नाही.

तुळसाबाईंना मी सुरुवातीला पत्रं लिहिली. उत्तरं येत, दोन ओळींची. धान बरं आहे, तब्येत बरी आहे, मुलींना आशीर्वाद. मग तीही थांबली. सौंदड काही लांब नाही. गाडी रोज जाते. पहिल्या वर्षी परीक्षा होत्या, दुसऱ्या वर्षी नवी इमारत, मग लढाई सुरू झाली आणि गाड्यांत जागा मिळेना. कारणं सगळी खरी होती. नऊ वर्षं गेली.

कार्ड आल्यावर दुसऱ्या रविवारी मी गेले.

लखारामाचं घर स्टेशनपासून थोडं आत, धानाच्या बांधींना लागून. मी शाळेचं नाव सांगितल्यावर त्यानं खाट टाकली. सज्जन माणूस. त्याची बायको जना पाणी घेऊन आली. मी विचारलं, काकींनी त्यांच्या शाळेबद्दल कधी काही सांगितलं होतं का. लखाराम म्हणाला, “म्या एकदा विचारलं होतं. म्हणाली, कागदावर मी सैपाकीण आहे. तेच.” मग त्यानं सांगितलं की त्या घरकाम करत, पोरं सांभाळत, कोणाशी जास्त बोलत नसत. पत्र वाचायचं असलं तर दुसऱ्याच्या हातात देत. त्यांना वाचता येतं हे जनाला ठाऊकच नव्हतं.

“शेवटच्या दोन वर्सांत डोकं फिरलं होतं त्याइचं,” जना म्हणाली. लखारामानं तिच्याकडे पाहिलं, पण ती थांबली नाही. “लपवून काय करता? साऱ्या गावाले माहीत आहे. भगताले दाखवलं, अंगारा लावला. काही फरक नाही. मग या खोलीत ठेवत होतो, दुपारभर कडी लावून. बाहेर असल्या की लोकं हसत.”

तिनं मला खोली दाखवली. घरामागची, धान ठेवायची. एका बाजूला कणगी, एका बाजूला रिकामी खाट. समोर मातीची कोरी भिंत. खिडकी नाही, उजेड दारातूनच.

“करत काय होत्या?” मी विचारलं.

“काही करत नव्हत्या वो बाई. तेच तर. भितीकडे तोंड करून बसत आन् बोलत. रोज दुपारी, जेवल्यावर. काहीतरी विचारत. मग गप. इतकं गप की मले वाटे झोपल्या. मग म्हणत, ‘बरं.’ मग मान फिरवून दुसरीकडे विचारत. पुन्हा गप. पुन्हा ‘बरं’. कधी म्हणत, ‘तू सांग.’ कधी म्हणत, ‘तिले बोलू दे आधी.’ कोणी नाही राहे तिथं. म्या किती डाव पाहिलं, कोणी नाही राहे.”

“काय विचारत? आठवतं काही?”

जनानं आठवून पाहिलं. “बोडीचं काहीतरी. बोडीत पाणी कुठून येते म्हणे. काही दिवस तेच. मग मास्तरीण एकटी आन् इयत्ता चार, तर पयले कोणाले बसवशील, असं. रोज थोडं थोडं पुढं जात... मरायच्या आधी ताप होता तवाही सुरूच होतं.”

मी खाटेवर बसले. बोडी हा पहिल्या वर्षाचा पहिला पाठ. चार इयत्तांचा पाठ त्यानंतर, दिवाळीच्या सुटीआधी. मधले पाठ मी जनाला विचारले, आणि तिला जेवढं आठवत होतं तेवढं सगळं क्रमानं होतं. तो उन्हाळाभर दुमडलेला कागद, डावी बाजू आणि उजवी बाजू, एकही तास न गाळता. दोन वर्षं पुरी झाली की त्या पुन्हा पहिल्यापासून सुरू करणार होत्या की नाही, कोण जाणे.

जना दारात उभी होती. माझ्या डोळ्यांतलं पाणी पाहून ती जरा घाबरली असावी. हळू आवाजात म्हणाली, “वेडच होतं ना वो बाई ते?”

“नाही,” मी म्हटलं. “पाठ घेत होत्या त्या. आमच्याकडे असाच घेतात.”

जनानं खोलीत पाहिलं. कणगी, खाट, भिंत. मग माझ्याकडे पाहिलं.

“पण कोणाले?”

बाहेर बांधीत रोवणा चालला होता, बायांचे आवाज येत होते. मी तशीच बसून राहिले. जना कामाला निघून गेली, आणि जाताना सवयीनं तिनं दार ओढून घेतलं.